सतरा, एकवीस, पंचवीस : कल्याणीनगरच्या त्या रात्री वय कोणी विचारलं?

१९ मे २०२४, रविवार. पहाटेचे अडीच वाजायला आले होते. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या चौकात एका भरधाव पोर्शने मोटारसायकलला मागून उडवलं. मोटारसायकलवरचा तरुण आणि तरुणी दोघंही गेले. दोघं चोवीस वर्षांचे, इंजिनिअर, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा होता. बारावीच्या निकालाची पार्टी करून मित्रांबरोबर निघाला होता. कोट्यवधींच्या त्या गाडीला नंबरप्लेट नव्हती, कारण नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहून गेले होते.

पुढचं महाराष्ट्राला पाठ झालंय. पंधरा तासांच्या आत जामीन, ३०० शब्दांचा निबंध, लोकांचा संताप, २२ मेला बाल न्याय मंडळाने आदेश बदलून निरीक्षणगृहात केलेली रवानगी, ससूनमध्ये बदललेला रक्ताचा नमुना, त्यापायी डॉक्टरांना आणि मग मुलाच्या आईलाही झालेली अटक, २५ जूनला उच्च न्यायालयाने दिलेला सुटकेचा आदेश, आणि वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायला मंडळाने दिलेला नकार. यातल्या प्रत्येक वळणावर रकानेच्या रकाने छापून आले. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मला पाहायचेत ते अडीचच्या आधीचे तास. मी तालुक्याच्या गावी वकिली करतो आणि माझ्याकडची बरीच कामं एक्साइजची असतात. परमिट रूमचं लायसन्स, त्याचं नूतनीकरण, नोटिशीला उत्तर, दुकान दुसऱ्या जागी हलवायचा अर्ज. म्हणजे दारू विकणाऱ्यांची बाजू मांडून माझं घर चालतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझं म्हणणं किती धरायचं ते मग तुमचं तुम्ही ठरवा. पण या धंद्याच्या कागदांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कल्याणीनगरची बातमी वाचताना माझं लक्ष गाडीच्या वेगाकडे गेलंच नाही. ते गेलं बिलाकडे.

४८ हजारांचं बिल

पोलिसांनी सांगितलेली हकिकत अशी. मुलगा आणि त्याचे मित्र रात्री आधी एका पबमध्ये गेले. तिथे साधारण दीड तासात ४८ हजारांचं बिल झालं. बाराच्या सुमारास ते दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथेही प्यायले. सीसीटीव्हीत ते टेबलावर दारू पिताना दिसतात. त्याचं रक्त घेतलं गेलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, अपघातानंतर आठ तासांनी, आणि तेही पुढे कचऱ्यात गेलं. त्यामुळे मुलगा प्यायला होता हे दाखवायला राहिलं काय, तर बारचं बिल आणि बारचाच कॅमेरा.

आता मोजा. पहिल्या पबच्या दारावर सुरक्षारक्षक असतो. आत कोणीतरी टेबल देतं. वेटर ऑर्डर घेतो, काउंटरवरचा माणूस ग्लास भरतो, मॅनेजर फिरत असतो, बिल येतं, कार्ड घासलं जातं. मग दुसऱ्या जागी हेच सगळं पहिल्यापासून. डझनभर वेळा तरी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे कोणीतरी बघितलं असणार. सतरा वर्षांचा पोरगा बाविशीचा दिसू शकतो, हे मान्य. पण पंचविशीचा? आपल्या राज्यात हार्ड लिकरला वय पंचवीस पूर्ण लागतं, स्ट्राँग बीअरलाही पंचवीस, आणि सौम्य बीअर हवी तर एकवीस. मिसरूड नीट न फुटलेल्या मुलांच्या टेबलावर व्होडका-व्हिस्की जाते तेव्हा वेटरला शंका यायला जन्मदाखला कशाला लागतो?

दोन्ही ठिकाणच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली. कलमं लागली ती बाल न्याय अधिनियमातली. त्यातलं ७७ वं कलम म्हणतं की मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'मूल' म्हणजे अठराच्या आतलं. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. सतरा वर्षांच्याला पाजली तर सात वर्षं तुरुंगाची भीती, आणि तीच दारू एकोणीस किंवा तेवीस वर्षांच्याला पाजली तर? तर प्रकरण येतं माझ्या टेबलावर. लायसन्सच्या अटीचा भंग. नोटीस, खुलासा, दंड, फार तर काही दिवस दुकानाला सील. कायद्याच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण बारच्या दारावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीसाठी करायचं काम एकच असतं, वय विचारायचं. ते काम तो करत नव्हता. का नव्हता करत, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

प्रकृतीसाठी पाच रुपयांचा परवाना

महाराष्ट्रात दारू पिणं हा हक्क नाही, सवलत आहे. इथला मूळ कायदा दारूबंदीचा. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. त्या वर्षातला तो पंचविसावा अधिनियम, हा निव्वळ योगायोग. मोरारजी देसाईंच्या काळात आलेली ही बंदी पुढे साठ-सत्तरच्या दशकांत सैल होत गेली, पण कायदा गेला नाही. नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं एवढंच. अधिनियम सगळ्यांना मनाई करतो, नियम परवाना देतात. परवाना असेल तर तुम्ही पिऊ शकता, बाळगू शकता, विकत घेऊ शकता.

म्हणून वाइन शॉपमध्ये एक दिवसाचा परवाना मिळतो, देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. वर्षाचा शंभर रुपयांना, आयुष्यभराचा हजार रुपयांना. परवान्याच्या जुन्या मजकुराप्रमाणे ही दारू माणसाने घ्यायची ती प्रकृती राखण्यासाठी. माझ्या एका अशिलाने हा कागद फ्रेम करून घरात लावलाय, बायकोला दाखवायला.

वयाची अट या परवान्याला जोडलेली आहे. म्हणजे कायद्याने धरलेलं चित्र असं : गिऱ्हाईक येतं, परवाना दाखवतं किंवा तिथेच फाडून घेतं, त्यावर नाव आणि वय लिहिलं जातं, मग बाटली मिळते. हे चित्र प्रत्यक्षात पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. मी स्वतः पस्तीसेक वर्षांत, कॉलेजची वर्षं धरून, एकदाही परवाना दाखवलेला नाही. कॉलेजात होतो तेव्हा तर कोणी विचारेल ही धास्तीसुद्धा नव्हती.

दुकानात परवान्यांची पुस्तकं मात्र असतात. ती विकत घ्यावी लागतात, पैसे सरकारजमा होतात, तपासणीला दाखवावी लागतात. मग ती भरतं कोण? एकदा एका अशिलाच्या दुकानात रात्री नोटिशीचे कागद घ्यायला गेलो होतो. शटर अर्धं खाली. आतला पोरगा खुर्चीवर मांडी घालून परवाने भरत होता. पाटील, शिंदे, जाधव, परत पाटील. वयाच्या रकान्यात ३२, ४१, ३८, ५०. हात लेखनिकासारखा चालत होता. मी म्हटलं, "अरे, निदान एखादा सव्वीसचा तरी टाक." तो हसला आणि पुढच्या परवान्यावर त्याने खरंच २६ लिहिलं.

हा प्रकार एका दुकानाचा नाही, धंद्यातलं उघड गुपित आहे. वयाची नोंद सरकार मागतं, दुकानदार देतो, आणि त्या नोंदीचा समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी काडीचाही संबंध नसतो. कल्याणीनगरच्या तपासात त्या रात्रीचे परवाने कोणी काढून पाहिले असतील, तर त्यात सतरा हा आकडा सापडला नसेल एवढं मी पैजेवर सांगतो.

पंचवीस कशासाठी?

२०११ च्या जून महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाने व्यसनमुक्ती धोरण मंजूर केलं आणि पंचवीसची अट घराघरात पोचली. मुंबईत गदारोळ झाला. अभिनेता इम्रान खान उच्च न्यायालयात गेला. तेव्हाचे युक्तिवाद तेच, जे आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतात. अठराव्या वर्षी मत देता येतं, फौजेत जाता येतं. एकविसाव्या वर्षी मुलाचं लग्न होतं, ग्रामपंचायतीला उभं राहता येतं. पंचविसाव्या वर्षी माणूस थेट लोकसभेची निवडणूक लढवू शकतो. म्हणजे बीअरपलीकडच्या पेल्यासाठी जेवढी परिपक्वता लागते तेवढीच खासदारकीला. आणि माझा आवडता मुद्दा, जो तेव्हा कोणी मांडल्याचं मला आठवत नाही : गावातलं दारूचं दुकान बंद करायला 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान होतं. त्यात अठरा वर्षांची मुलगी आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावाचं दुकान कायमचं बंद करू शकते. दारूबद्दल गावाने काय करायचं हे ठरवण्याइतकी ती शहाणी आहे, आणि स्वतः प्यायचं की नाही हे ठरवायला तिला आणखी सात वर्षं थांबायचंय.

यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मतदानाने यकृत खराब होत नाही. मेंदूची वाढ, विशेषतः आवेग आवरणाऱ्या भागाची, विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. पिणं जेवढं लवकर सुरू होईल तेवढी पुढे व्यसनाची शक्यता जास्त. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरची मंडळी दारूविरुद्ध तीन दशकांहून जास्त काळ उभी आहेत. त्यांचं बोलणं ऐकताना मला माझ्या फीची लाज वाटलेली आहे, हे कबूल करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १४ टक्के पिणारे निघाले, गोव्यात साधारण ३७ टक्के. गोव्यात वयाची अट अठरा. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणालं की बघा, पंचवीसचा फायदा, तर ऐकायला बरं वाटतं. पण गोव्यात दारू स्वस्त आहे, काजूची फेणी घरचीच आहे, आणि पिण्याकडे बघायची रीतही निराळी आहे. फरक वयाच्या अटीमुळे पडला असं त्यातून निघत नाही.

उलट त्या सीमेवर उभं राहून पाहिलं तर वयाच्या अटीचं खरं रूप दिसतं. सावंतवाडीचा एकोणीस वर्षांचा मुलगा बांद्यावरून पत्रादेवीला गेला की कायद्याने सज्ञान पिणारा होतो. परत येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एक्साइजची माणसं गाडी थांबवतात आणि डिकीत गोव्याची बाटली आहे का ते पाहतात. कर बुडता कामा नये. बाटली पोटात घालून आणली असेल आणि तो स्वतः स्टीअरिंगवर असेल, तर त्या नाक्याचा तो विषय नाही.

अमेरिकेने हाच पेच कसा सोडवला

सीमेचा हा खेळ अमेरिकेत आपल्या खूप आधी झाला. तिकडे १९७१ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय अठरा केलं आणि पाठोपाठ जवळपास तीस राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. शेजारच्या राज्यात एकवीस आणि इकडे अठरा, असं झाल्यावर पोरं गाड्या काढून सीमेपार प्यायला जायची आणि रात्री परत येताना मरायची. अशा सीमांना तिथे 'रक्ताच्या सीमा' म्हणू लागले. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या आईने, तिची तेरा वर्षांची मुलगी दारुड्या ड्रायव्हरने चिरडल्यावर, 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना काढली. १७ जुलै १९८४ रोजी रेगन यांनी कायद्यावर सही केली. वय ठरवण्याचा अधिकार राज्यांचा, तो काढून घेता येत नव्हता. म्हणून त्यांनी पैशाची नाडी आवळली : ज्या राज्यात एकवीसच्या आतल्याला दारू मिळेल त्या राज्याच्या महामार्ग निधीतून आधी ५ टक्के, मग १० टक्के कापायचे. साउथ डकोटा राज्य एकोणीस वर्षांच्या मुलांना हलकी बीअर विकायचं. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरलं. १९८८ पर्यंत सगळी राज्यं एकवीसवर आली.

या बदलाने तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे २०१७ पर्यंत ३० हजारांवर जीव वाचले. वय वाढवा म्हणणाऱ्यांच्या हातातलं हे सगळ्यात मोठं हत्यार, आणि ते खोटं नाही. पण ते हत्यार नुसत्या आकड्याचं नाही. अमेरिकेत पन्नाशीचा माणूसही बारमध्ये गेला तर त्याला ओळखपत्र मागतात. तिकडे राहणारा माझा मावसभाऊ टक्कल पडल्यावरही लायसन्स काढून दाखवतो आणि फुशारून सांगतो की मला अजून विचारतात. अल्पवयीन गिऱ्हाईक पाठवून दुकानांची परीक्षा घेतली जाते. सापडलेल्या दुकानाचा परवाना धोक्यात येतो. शिवाय १९९५ च्या कायद्यानंतर एकवीसच्या आतल्या ड्रायव्हरला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य. आपल्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, अठरालाही तीच आणि साठीलाही तीच. इतकं करूनही २००८ मध्ये तिथल्या शंभरावर कॉलेजांच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की एकवीसची अट मुलांना बंद खोल्यांत ढोसायला लावते, यावर पुन्हा बोलू या. म्हणजे तिथेही वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे राज्यघटनेने दारू राज्य सूचीत टाकली आहे, आठवी नोंद. त्यामुळे प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा, आणि आकडे हलतात ते भलत्याच कारणांनी. केरळने २०१७ मध्ये एकवीसचं तेवीस केलं. हरियाणाने २०२१ मध्ये पंचवीसचं एकवीस केलं. दिल्लीने त्याच वर्षी एकवीसची घोषणा केली, पण नवं मद्यधोरणच गुंडाळावं लागलं आणि पंचवीस जागच्या जागी राहिलं. कर्नाटकाने जानेवारी २०२३ मध्ये एकवीसवरून अठरावर यायचा मसुदा काढला आणि ओरड होताच मागे घेतला.

विचारायची सवय मोडली

आता माझं म्हणणं. पंचवीसच्या अटीने महाराष्ट्रात कोणाचं पिणं किती कमी झालं ते मला सांगता येणार नाही. पण तिने एक गोष्ट केली ती मी रोज पाहतो. तिने बारमधल्या माणसाची वय विचारायची सवय मोडली.

पुण्या-मुंबईतल्या पबमध्ये शनिवारी रात्री कोण असतं? नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली मुलं. बावीस, तेवीस, चोवीस. पगार आहे, भाड्याची खोली आहे, आयकर भरतात. मालकाने पंचवीसची अट खरोखर पाळायची ठरवली तर दारावरूनच एवढे लोक परत पाठवावे लागतील की आतल्या डीजेला स्वतःसाठीच गाणी लावावी लागतील. तो ते करणार नाही, आणि एक्साइजलाही ठाऊक असतं की तो करणार नाही. मग दारावरच्या माणसाला जी सूचना मिळते ती साधी असते : वय विचारू नकोस. तेवीसच्याला सोडायचं म्हणून ओळखपत्र पाहायचं बंद केलं, की सतराचाही त्याच दारातून आत जातो. दोघांमधला फरक फक्त ओळखपत्रावर दिसतो, आणि ओळखपत्र पाहणं तर आधीच थांबलेलं आहे.

शिवाय न पाळता येणारी अट कोणाच्या तरी कमाईची असते. तपासणीला आलेल्या माणसाला कोणत्याही रात्री, कोणत्याही बारमध्ये चोवीस वर्षांचा एक तरी माणूस सापडतोच. म्हणजे प्रत्येक बार रोज रात्री गुन्ह्यात असतो. हप्त्याला याहून सुपीक जमीन कोणती? हे मी वकील म्हणून लिहितोय की गावचा माणूस म्हणून, ते तुम्हीच ओळखा.

त्यामुळे माझ्या मते अट एकवीसवर आणावी, सगळ्या दारूला एकच, बीअर-व्हिस्कीचा घोळ नको. अठरा मला पटत नाही. अठराला मुलगा बारावीत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षात असतो, आणि बारमध्ये अठराचा गेला की त्याच्या मागून सोळाचा जातो, ही गावोगावची पाहिलेली गोष्ट आहे. एकवीस हा आकडा मालकाला धंदा सांभाळून पाळता येतो, आणि पाळता येत असूनही पाळला नाही तर त्याला शिक्षा करताना कोणाला वाईट वाटणार नाही. पण परवान्याची पुस्तकं आधी जाळावीत. त्या जागी, विकणाऱ्याने पहिल्या ऑर्डरला ओळखपत्र पाहायचं, आणि अठराच्या आतला सापडला तर पहिल्याच वेळी लायसन्स जायचं. नोटीस नाही, खुलासा नाही. (या एका वाक्यात मी माझी निम्मी प्रॅक्टिस बुडवली.)

यातली कमजोर कडीही सांगतो. अट खाली आणली म्हणून उद्यापासून दारावर वय विचारतील, असं काही नाही. सरकार पहिली अर्धी गोष्ट करेल, कारण ती कागदावर होते आणि महसूल वाढवते, आणि दुसरी अर्धी विसरून जाईल. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील या हिशेबाने. दारूबंदीच्या अधिनियमाखाली दारूतून एवढी अपेक्षा धरणाऱ्या सरकारने गिऱ्हाईक घटवणारी तपासणी मनापासून करावी, हे मागणं भाबडं आहे. डॉ. बंगांच्या बाजूचा माणूस मला इथेच पकडेल आणि म्हणेल, मग आहे ते पंचवीस तरी राहू दे, निदान सरकारच्या तोंडून एकवीसला पी असं निघणार नाही. त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की कल्याणीनगरच्या रात्री पंचवीस कायद्यात लिहिलेलं होतं.

एक पंचवीस चालतं

या प्रकरणात आणखी एक पंचवीस आहे, आणि त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. अपघातानंतर परिवहन खात्याने हीच तरतूद पुढे केली.

हे पंचवीस पाळलं जाईल असं मला वाटतं. कारण लायसन्स मिळायची खिडकी एकच, आरटीओची, आणि त्या खिडकीवर बसलेल्या माणसाला जन्मतारीख टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडता येत नाही. दारूच्या पंचवीसला अशी खिडकी नाही. हजारो परमिट रूम, वाइन शॉप, ढाबे, आणि प्रत्येकात एक मांडी घालून बसलेला पोरगा, पाटील, शिंदे, जाधव लिहिणारा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'कम्युनिटी अगेन्स्ट ड्रंकन ड्रायव्हिंग' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. दारू विकली जाते तिथे वय तपासण्याची सक्तीची, सगळीकडे सारखी पद्धत असावी, ही मागणी. वय किती असावं हा प्रश्न त्यांनी उचललेला नाही. कितीही ठेवा, पण बघा तरी, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ही याचिका वयावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा कामाची वाटते.

पुण्यात त्या मे महिन्यात पब सील झाले, परवाने निलंबित झाले, बेकायदा बांधकामांवर बुलडोझर गेले. आमच्या गावालाही त्याची झळ लागली. परवाने भरणाऱ्या त्या पोऱ्याच्या मालकाने घाबरून दुकानाबाहेर पाटी लावली, २५ वर्षांखालील व्यक्तींना मद्य मिळणार नाही, आणि खरंच विचारायला सुरुवात केली. आधार दाखव, नाहीतर चालता हो. पंधरा-वीस दिवस चाललं ते. जूनच्या शेवटी मी गेलो तेव्हा पाटी होती, विचारणं बंद झालं होतं.

मी कारण विचारलं, तेव्हा त्याने काउंटरवरूनच समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे दुसरं वाइन शॉप, गर्दी तिकडे.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "मी एकट्याने विचारलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं. तुम्ही त्यालाही विचारायला लावा. मग वय तुम्ही म्हणाल ते."